मुलांच्या मनाचा पंचनामा कोण करतो?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात एक महत्त्वाचा निकाल दिला. नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका अल्पवयीन विद्यार्थिनीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने मानसिक आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. याविषयी कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. त्यांतले एक तत्त्व असे की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमलाच पाहिजे, आणि त्याने मुलांच्या व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे. खाजगी क्लासेसनाही यातून सूट नाही.

निकालाचे स्वागत झाले. अग्रलेख आले, चर्चासत्रे झाली. परंतु आंबेडकरी चळवळीने या निकालाकडे जेवढ्या गांभीर्याने पाहायला हवे होते तेवढे पाहिलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. फीवाढ, शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवेश या प्रश्नांवर आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरलेच पाहिजे. पण उद्या आपल्या मुलाच्या शाळेत 'समुपदेशक' अशी पाटी लावून कोणीतरी बसणार आहे. तो आपल्या मुलाला तपासणार, त्याच्या बुद्धीचा आकडा काढणार, त्याच्या स्वभावावर शेरा मारणार आणि तो कागद मुलाच्या फाईलला कायमचा लागणार. हा माणूस कोण? तो काय शिकला? कोणाच्या हाताखाली शिकला? त्याची नोंद कुठे आहे? आणि ज्या वस्तीतून हे मूल आले, त्या वस्तीविषयी त्याला काही शिकवले गेले आहे काय? हे प्रश्न आज विचारले नाहीत तर उद्या विचारून उपयोग होणार नाही.

शिक्का म्हणजे काय असतो हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या मागच्या चार पिढ्या शिक्के वागवीतच शाळेत गेल्या. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागत होते. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली, तेव्हा जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि गाडीवान मिळणे मुश्कील झाले. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे कित्येक वर्षांनी लिहून ठेवला. एवढा मोठा विद्वान, कायदेपंडित, राज्यघटनेचा शिल्पकार. पण दहा वर्षांच्या वयात झालेली ती जखम त्यांना तपशीलवार आठवत होती. बालमानसशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात यापेक्षा मोठा पुरावा मिळणार नाही. १९३६ साली 'जातिसंहार' या भाषणात त्यांनी जात ही एक मानसिक अवस्था असल्याचे मांडले ते उगीच नव्हे. मग ज्या शास्त्राचा विषयच मन आहे, त्या शास्त्राच्या अभ्यासक्रमात जात हा विषय कुठे आहे, असे आम्ही विचारले तर त्यात चूक काय?

प्रथम हे तज्ज्ञ घडतात कसे ते समजून घेऊ. कारण आपल्या समाजातल्या सुशिक्षितांतही याविषयी गोंधळ आहे. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा तत्सम पदवी घेतो आणि औषधे लिहून देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नसतो. तो औषधे देत नाही. चाचण्या घेणे, मुलाशी व कुटुंबाशी बोलणे, निदान करणे, बोलण्यातून व वागण्यात बदल घडवून उपचार करणे हे त्याचे काम. तिसरा समुपदेशक. आपल्या देशात खरी गडबड या तिसऱ्या पाटीखाली आहे.

क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ ही पदवी कोणीही लावावी अशी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये तिची व्याख्या दिलेली आहे. मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, त्यानंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम, त्यात अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत केलेले काम, आणि त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची मान्यता, अशी ती पायरी आहे. बारावीनंतर पदवीची तीन, पदव्युत्तरची दोन आणि वर ही दोन मिळून सात वर्षे होतात. बंगळुरूच्या संस्थेत, जिला आज आपण निम्हान्स म्हणतो, १९५५ साली असे प्रशिक्षण सुरू झाले. पुढे रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत ते सुरू झाले. म्हणजे सत्तर वर्षांची ही परंपरा आहे. आता तीही बदलते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल मानसशास्त्रासाठी तिला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ दिली गेली, आणि तिच्या जागी नवे अभ्यासक्रम आणले जात आहेत. जुने मोडून नवे बसवण्याच्या अशा काळातच प्रवेशाचे नियम ठरतात, फी ठरते, आरक्षणाचे काय ते ठरते. आपण त्या वेळी दाराबाहेर राहिलो की पुढची तीस वर्षे दाराबाहेरच राहतो.

आरसीआयचा कायदा १९९२ चा आहे. त्याचे कलम १३ प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक वकिलाने वाचावे असे आहे. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत ज्याचे नाव नाही, त्याला पुनर्वास व्यावसायिक म्हणून देशात कुठेही व्यवसाय करता येत नाही, शासकीय संस्थेत तसे पद धारण करता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि अपंगत्वाच्या विषयात न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ या यादीत येतात. कलमाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक हजार रुपये! एवढ्या दंडाला भिऊन कोण पाटी उतरवणार? शिवाय केवळ 'समुपदेशक' किंवा नुसते 'मानसशास्त्रज्ञ' म्हणवून घेणारे या कायद्याच्या कक्षेतून सहज निसटतात. त्यांच्यासाठी २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा झाला. पण त्याची नोंदणी आमच्या जिल्ह्यातल्या तालुक्यांपर्यंत पोचलेली आम्हाला तरी दिसत नाही. ब्रिटनमध्ये २००९ पासून क्लिनिकल किंवा शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ ही बिरुदे नोंदणीशिवाय लावणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे सहा महिन्यांचा, आणि तोही घरबसल्या केलेला कोर्स फ्रेम करून भिंतीवर टांगला की दुकान सुरू.

हे आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाही. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारी एक माता काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक कागद घेऊन आली. चौथीत शिकणारा तिचा मुलगा 'बौद्धिकदृष्ट्या मागास' असून त्याला विशेष शाळेत घालावे, असे त्यावर लिहिलेले होते. कोणती चाचणी घेतली याचा उल्लेख नाही. किती वेळ घेतली, कोणत्या भाषेत घेतली याचा पत्ता नाही. सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक नाही. शाळेने मात्र तो कागद पुढे करून दाखला घेऊन जा म्हणून तगादा लावला होता. आम्ही तिला सरकारी रुग्णालयात पाठवले. तिथे आधी कान तपासले गेले. पोराचा कान दोन वर्षांपासून वाहत होता आणि त्याला एका कानाने नीट ऐकू येत नव्हते! मागच्या बाकावर बसवलेल्या त्या मुलाला गुरुजींचे बोलणेच पोचत नव्हते. मुलाची बुद्धी मोजण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासावेत हा या शास्त्राचा पहिला धडा आहे. तो धडा ज्याने घेतला नाही, तो एका कागदाने आपल्या मुलाचे आयुष्य वळवायला निघाला होता. त्या आईने मुकाट्याने दाखला काढला असता तर आज तो मुलगा कुठे असता, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता न्यायालयांकडे या. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १५ प्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालावा की नाही हे ठरवण्यासाठी बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते. मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा ज्या परिस्थितीत घडला ती परिस्थिती, हे त्यात पाहायचे असते. कायद्यात मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञांची मदत 'घेऊ शकते' असे शब्द आहेत. १३ जुलै २०२२ रोजी बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मंडळावर बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल तर ही मदत घेणे बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम ३९ मध्येही पीडित बालकाला खटल्याआधी आणि खटल्यात मानसशास्त्र जाणणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य मिळावे म्हणून राज्य सरकारने मार्गदर्शक सूचना कराव्यात, असे म्हटले आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ चे कलम १२ न्यायाधीशांना वैद्यकीय आणि कल्याणविषयक तज्ज्ञांची मदत घेण्याचा अधिकार देते. मूल आईकडे राहील की बापाकडे, भेट कुठे व्हावी, मुलाला कोणाची भीती वाटते, असे निर्णय अशा अहवालांवर वळण घेतात.

झोपडपट्टीतले, पारधी वस्तीतले, ऊसतोडणी कामगाराचे सोळा वर्षांचे पोर मंडळासमोर उभे राहते, तेव्हा त्याच्या मनाचा पंचनामा करणारा माणूस किती शिकलेला आहे यावर त्या पोराचे तारुण्य सुधारगृहात जाईल की तुरुंगात, हे ठरत असते. पंचनाम्याच्या पंचांना आम्ही उलटतपासणीत घाम फोडतो. मग मनाच्या पंचनाम्याचा पंच तसाच का सोडावा? आमच्या वकीलबांधवांना आमची विनंती आहे की, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम ४५ खाली, कोणीही तज्ज्ञ म्हणून उभा राहिला की त्याला पदवी विचारा. नोंदणी क्रमांक विचारा. कोणती चाचणी, कोणत्या साली तयार झालेली, कोणत्या मुलांवर प्रमाणित केलेली, हे विचारा. मुलाची मातृभाषा कोणती होती आणि प्रश्न कोणत्या भाषेत विचारले, हे विचारा.

चाचण्यांची गोष्ट निघाली म्हणून थोडे सविस्तर सांगतो. बुद्धिमापनाची पहिली चाचणी आल्फ्रेड बिने याने १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केली. ज्या मुलांना शाळेत जास्त मदत लागेल ती ओळखावीत हा तिचा हेतू होता. अमेरिकेत व्हाइनलँडच्या संस्थेतल्या गोडार्डसारख्यांनी तिच्याच आधारे माणसांची 'मंदबुद्धी' म्हणून प्रतवारी लावली आणि वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचाराला ती वापरली. मदतीचे हत्यार बहिष्काराचे हत्यार झाले. ही चाचणी आपल्याकडे आणली धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. त्यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. पुढे नागपूरला डॉ. मलिन यांनी वेश्लरच्या चाचणीचे भारतीय रूप आणि सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मापनश्रेणीचे नागपुरी रूपांतर तयार केले. ज्या नागपूरने आपल्याला धम्म दिला, त्याच नागपुरात तयार झालेली मापे आजही आपल्या मुलांना लावली जातात. या विद्वानांच्या श्रमाविषयी आम्हाला आदर आहे. परंतु प्रश्न साधा आहे. १९३० च्या दशकात शाळेत बसलेली मराठी मुले कोण होती? त्यांत महारवाड्यातली, मांगवाड्यातली, तांड्यावरची मुले किती होती? ज्यांना वर्गाच्या दाराबाहेर बसवले त्यांच्याशिवाय तयार झालेली पट्टी त्यांच्याच नातवंडांना लावायची आणि वर त्यांनाच कमी भरले म्हणायचे, याला शास्त्र म्हणायचे काय? चांगले प्रशिक्षण घेतलेला मानसशास्त्रज्ञ ही अडचण जाणतो. तो केवळ आकडा देत नाही. तो घरची परिस्थिती, भाषा, शाळा, आहार सगळे पाहून बोलतो. अर्धवट शिकलेला फक्त आकडा देतो.

याचा दुसरा पदरही पाहा. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची अपंगत्वे आहेत आणि त्यांत अध्ययन अक्षमता येते. अशा मुलाला परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात. मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळेत एखाद्या मुलाला अक्षरे उलटी दिसली की पालक त्याला तज्ज्ञाकडे नेतात, प्रमाणपत्र आणतात आणि मूल सन्मानाने दहावी पास होते. मुकुंदवाडीच्या किंवा भावसिंगपुऱ्याच्या मुलाला तीच अडचण असली तर त्याला 'ढ' म्हणतात, आणि नववीत त्याची शाळा सुटते. एकाला खोटा शिक्का आणि दुसऱ्याला खरे निदान नाही. दोन्हीकडून मार आपल्याच मुलाला!

हे चित्र बदलता येते काय? येते. अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय स्त्रीने ते करून दाखवले आहे आणि आपल्या चळवळीने तिचे नाव पाठ केले पाहिजे. तिचे नाव मेमी फिप्स क्लार्क. जन्म १९१७, आर्कान्सा राज्यात, जिथे काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. हॉवर्ड विद्यापीठातून पदवी घेतल्यावर १९३८ च्या उन्हाळ्यात तिने एका कृष्णवर्णीय वकिलाच्या कार्यालयात सेक्रेटरीची नोकरी केली. नागरी हक्कांच्या खटल्यांची आखणी तिथे चालत असे. काळ्या मुलांना स्वतःच्या रंगाची जाणीव कधी आणि कशी होते, हा तिने एम.ए.च्या प्रबंधाचा विषय घेतला. पुढे ती कोलंबिया विद्यापीठात गेली. होय, त्याच कोलंबियात, जिथे १९१३ साली बाबासाहेब गेले होते. तिथे तिने मुद्दाम हेन्री गॅरेट या प्राध्यापकाच्या हाताखाली पीएच.डी. केली. हा माणूस उघडपणे वंशवादी मतांचा. १९४३ साली ती डॉक्टर झाली. एवढे शिकूनही तिला योग्य नोकरी मिळेना. १९४६ साली तिने आणि तिचे पती केनेथ क्लार्क यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी नॉर्थसाइड हे केंद्र सुरू केले. शाळांनी 'मंदबुद्धी' ठरवलेल्या काळ्या मुलांची फेरतपासणी तिथे झाली, आणि त्यांतल्या बहुतेकांची बुद्धी चांगली असल्याचे दिसून आले.

या दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग जगप्रसिद्ध आहे. तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे रंग सोडून सर्व बाबतींत सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. मग विचारले, तुझ्यासारखी कोणती? काही मुले रडली. दोष मुलांत नव्हता. जो समाज चार वर्षांच्या मुलाला स्वतःचा तिरस्कार करायला शिकवतो त्या समाजात तो होता. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या संशोधनाचा दाखला होता. त्या खटल्यांपैकी व्हर्जिनियाच्या खटल्यात तो गॅरेट वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, आणि त्याचे म्हणणे खोडून काढायला त्याचीच विद्यार्थिनी मेमी क्लार्क उभी राहिली! प्रशिक्षण कशासाठी घ्यायचे, याचे याहून मोठे उत्तर असू शकत नाही. तिने केवळ पदवी घेतली नाही. विरोधकाच्या शाळेत जाऊन त्याचे शास्त्र शिकली आणि ते आपल्या मुलांच्या बाजूने न्यायालयात उभे केले. बाबासाहेबांनी अर्थशास्त्र आणि कायद्याचे जे केले, तेच तिने मानसशास्त्राचे केले.

आपल्याकडे अशी मेमी क्लार्क का घडू नये? छत्रपती संभाजीनगर म्हणजे कालचे औरंगाबाद, हे तर आपल्या शिक्षणाचे माहेरघर. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनात शिकलेल्या मुलांनी मराठवाड्याचा चेहरा बदलला. मिलिंदचेच विद्यार्थी प्रा. सुखदेव थोरात हे पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसे वागवले जाते याची चौकशी त्यांच्याच समितीने २००७ साली केली. नामांतरासाठी आपण सोळा वर्षे लढलो आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठावर बाबासाहेबांचे नाव आले. या भूमीने प्राध्यापक दिले, वकील दिले, अधिकारी दिले, डॉक्टर दिले. पण मुलांच्या मनाचे डॉक्टर किती दिले? मानसशास्त्र हा बी.ए.ला मार्क मिळवायचा 'सोपा विषय' म्हणून आपली मुले घेतात आणि पुढे पोलीस भरतीला लागतात. त्यांना दोष कसा देणार? पुढचा रस्ताच कोणी दाखवला नाही. खाजगी संस्थांतली फी लाखांच्या घरात. निम्हान्ससारख्या सरकारी संस्थेत जागा मोजक्या. महाराष्ट्रातली ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी मनोरुग्णालये पाहा. त्या चारांत मराठवाड्यातले एकही नाही. म्हणजे शिकायलाही बाहेर आणि उपचारालाही बाहेर.

आणि गरज तर दारात उभी आहे. लातूर पॅटर्नच्या नावाने गावोगावची मुले दहा बाय दहाच्या खोल्यांत कोंडलेली आहेत. समाजकल्याणच्या वसतिगृहात पहिल्यांदा घर सोडून आलेली मुले आहेत. दारूने घर पोखरलेले आहे आणि त्या घरातले सात वर्षांचे मूल अंथरुणात लघवी करते म्हणून मार खाते आहे. कुटुंबासोबत काम करणारा मानसशास्त्रज्ञ त्या मुलाला एकट्याला तपासत नाही. तो बापालाही बोलावतो, आईलाही बोलावतो, कारण मुलाचा आजार अनेकदा घराचा आजार असतो. आपल्याकडे मात्र आजही पोराला 'बाहेरचे' झाले म्हणून बुवाकडे नेणारे आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही हे चालते, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा बुवाला तुरुंगात पाठवील. पण त्या मुलाला बरे करणारा माणूस तो कायदा आणून देणार नाही. आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीने जीव दिला. आरोपपत्र जातीय छळाचे आहे. अशा मुलीला 'ताण सहन करायला शिक' एवढेच सांगणारा समुपदेशक काय कामाचा? तिला ताण नव्हता, तिच्यावर अन्याय होता. हा फरक ज्याला कळतो तोच आपल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ. ज्ञानाला जात नसते हे आम्हाला मान्य आहे. उच्चवर्णीय घरातून आलेले, जिव्हाळ्याने काम करणारे तज्ज्ञही आहेत. पण ज्याला कधी कोणी जात विचारली नाही, त्याला जात कशी बोचते हे अभ्यासक्रमातूनच शिकवावे लागेल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे नेमलेल्या प्रत्येक समुपदेशकाची पदवी, प्रशिक्षण आणि नोंदणी क्रमांक शाळेच्या फलकावर लावा. समाजकल्याणची वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांत ही पदे कायमस्वरूपी भरा, कंत्राटी नकोत, आणि त्यांत आरक्षण पाळा. बार्टीने दरवर्षी ठरावीक विद्यार्थ्यांची आरसीआय-मान्य अभ्यासक्रमाची पूर्ण फी आणि निर्वाहभत्ता उचलावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग, नागसेनवनातील महाविद्यालये आणि घाटी रुग्णालय यांनी एकत्र येऊन प्रत्यक्ष रुग्णकामाच्या प्रशिक्षणाच्या जागा वाढवाव्यात, आणि जातीचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम हा त्यात सक्तीचा विषय असावा. आणि शासनाकडे बोट दाखवताना आपणही काही करू. वर्षावासात विहारांतून ग्रंथवाचन चालते. त्यात महिन्यातला एक रविवार मुलांसाठी आणि पालकांसाठी ठेवा, नोंदणीकृत तज्ज्ञाला बोलवा, त्याचे मानधन वर्गणीतून द्या.

असे केले तर तो धम्माला धरूनच होईल. भगवान बुद्धांनी आपल्या मुलाला, लहान राहुलाला, खोटे बोलू नये हे कसे शिकवले ते त्रिपिटकात आहे. पाय धुतलेल्या भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले, मग ते सांडले, भांडे पालथे केले आणि त्यावरून समजावले. मग आरशाचा उपयोग विचारला आणि कोणतेही कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यावर स्वतःला तपासायला सांगितले. त्यात मार नाही, शाप नाही आणि मुलावर शिक्काही नाही. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी अभ्यासावयाच्या धम्मग्रंथांत या उपदेशाचा समावेश केला. अडीच हजार वर्षांपूर्वी मुलाशी असे बोलणारा आपला शास्ता आहे, आणि आपण मात्र मुलाच्या मनाचा विषय आला की एक तर छडी घेतो, नाही तर कोणाही पाटीवाल्यापुढे मान तुकवतो.

बाबासाहेबांनी आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा होता. भिक्खू नागसेनासारख्या विद्वानापुढेही तो गप्प बसला नाही. समाधान होईपर्यंत त्याने प्रश्न विचारले, आणि नागसेनानेही रागावून न जाता उत्तरे दिली. या आठवड्यात प्रत्येक पालकाने आपल्या मुलाच्या शाळेत जावे आणि तीनच प्रश्न विचारावेत. तुमच्याकडे समुपदेशक आहे काय? त्याचे प्रशिक्षण काय? त्याची नोंदणी कुठे आहे? उत्तर लेखी मागावे. मिळाले नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा, आणि तिथेही दाद लागली नाही तर उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ याच शहरात आहे. तिथे उभे राहायला आम्ही तयार आहोत.

जयभीम!